औजारं कोण धुतं?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या जुन्या बायका खुर्चीत टेकण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, हे दुसऱ्याच्या तोंडातलं उष्टं न्हाय ना?" शिकलेली माणसं हे विचारत नाहीत. ती फी विचारतात, दुखेल का विचारतात, कॅप किती वर्षं टिकेल ते विचारतात. मांडवगण फराट्यात दातांचा दवाखाना चालवताना रुग्णाच्या तोंडून याहून मोलाचा प्रश्न मी ऐकलेला नाही. म्हातारी तो सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारातून विचारते हे खरं, पण तिचं बोट बरोबर जागेवर पडतं. दातांच्या दवाखान्यात सगळंच उष्टं असतं. आरसा, प्रोब, पकड, हँडपीस, सक्शनचं टोक, यातलं बहुतेक सगळं सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या थुंकीत, रक्तात जाऊन आलेलं असतं. ते पुन्हा शुद्ध कशानं होतं आणि कुणाच्या हातानं होतं, हा प्रश्न मला वैद्यकाचा आहे तितकाच धर्माचाही वाटतो.

आधी ते काम कसं चालतं ते सांगते, कारण रुग्णाला ते कधी दिसत नाही. दाढ काढून झाली की मी हातमोजे उतरवते, चिठ्ठी लिहायला बसते आणि माझं काम संपतं. माझ्या सहायक मुलीचं तेव्हा सुरू होतं. ती ट्रे आत नेते. जाड रबरी मोजे घालते. पकड उघडून वाहत्या पाण्याखाली धरते आणि ब्रश तिच्या सांध्यात घालते, कारण रक्त वाळून बसतं ते तिथेच, दोन पाती जिथे एकमेकांवर फिरतात त्या फटीत. वरून पकड आरशासारखी चकाकत असली तरी सांध्यात तांबूस रेघ असू शकते. ती खिडकीपाशी उजेडात पकड धरून उघडते, मिटते, पुन्हा उघडते. मग औजारं कोरडी करायची, पाउचमध्ये घालायची, पाउच नीट चिकटवायचं, त्यावर तारीख टाकायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये अशी रचायची की वाफ सगळीकडे फिरेल. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि पाउचमधल्या औजारांना साधारण अर्धा तास. तापायला आणि नंतर वाळायला लागणारा वेळ वेगळा. पाउचवरची खूण रंग बदलते, पण ती उष्णता लागली एवढंच सांगते. जिवाणू खरोखर मेले का, हे कळायला बीजाणूंची चाचणी करावी लागते.

यात आमच्याकडची वीज आडवी येते. ऑटोक्लेव्हची भूक मोठी, दवाखान्याच्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. अर्ध्यात लाइट गेली की दाब उतरतो आणि तो लोड बाद होतो. लाइट आल्यावर पहिल्यापासून सुरुवात. बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात, त्यातला एखादा भीमेपलीकडून, दौंड तालुक्यातल्या गावाहून मोटारसायकलवर गाल धरून आलेला असतो. संच संपलेले असतात. अशा वेळी पाउच बाहेर काढून "झालं" म्हणायला कुणाचीच आडकाठी नसते. औजार गरम असतं, चकाकत असतं, पाउचचा रंगही कदाचित बदललेला असतो. रुग्णाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. कळेल ते फक्त सहायक मुलीला.

कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो. त्याची बाधा झालेल्या माणसाला ती कुठून झाली हे महिन्यांनंतर सांगता येत नाही. दातांच्या दवाखान्याचं बहुतेक पाप असं बेवारस राहतं. क्वचितच त्याचा माग लागतो. तमिळनाडूच्या तिरुपत्तूर भागात २०२२-२३ मध्ये मेंदूच्या एका दुर्मीळ संसर्गाचे २१ रुग्ण सापडले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि साथरोगांचे संशोधक शोध घेत गेले, तेव्हा त्यातले १० जण वाणियंबाडीच्या एकाच दातांच्या दवाखान्याशी जोडलेले निघाले. त्या १० पैकी ८ दगावले. कारण काय, तर सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या औजारानं उघडायची, सैलसर बंद करून ठेवायची आणि तीच पुढच्या रुग्णाला वापरायची. ही बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या सलाइनच्या बाटल्या कोण उघडतं, कशानं उघडतं आणि उरलेलं पाणी कुठे जातं, हे उभं राहून पाहिलं. जेवणाची सुट्टी नसलेल्या, एकाच वेळी फोन घेणाऱ्या, पैसे मोजणाऱ्या आणि सक्शन धरणाऱ्या मुलीच्या हातून बाटली अशीच उघडली जाणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

जे काम कुणालाच दिसत नाही ते नीट का करायचं? आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. वडील माळकरी. पांडुरंग पाहतो, एवढं ते म्हणत आणि विषय संपे. ते उत्तर मी कधी टाकलेलं नाही. माणसाच्या आत एक साक्षी असतो, त्याला फसवता येत नाही, हे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानानंही वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. साक्षी बाहेरही असतात. आमच्या गावापासून जवळच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली. तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. त्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. चिमुकल्या दुधाच्या सुळ्यांवरच्या खाचांवरून त्या बाळांच्या कुपोषणाचा आणि आजारपणाचा माग त्यांना काढता आला. त्या आयांची नावं उरली नाहीत, भाषा उरली नाही, पण बाळाच्या पोटाला काय मिळालं नाही याची नोंद दातात राहिली. मी एक्स-रे दिव्यासमोर धरते तेव्हा कुणीतरी कुठेतरी घाईत केलेलं अर्धवट रूट कॅनाल, नळीत तुटून राहिलेली फाइल मला तशीच दिसते. केलेलं काम राहतं.

पण साक्षी आहे म्हटलं की प्रश्न सुटला, असं मला वाटत नाही. साक्षी कुणाला पाहतो? ब्रश हातात असलेल्या मुलीला की तिला दहा मिनिटांत सहा ट्रे धुवायला लावणाऱ्या डॉक्टरला?

शिक्षण संपल्यावर मी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात टक्केवारीवर काम केलं. नाव घेत नाही. तीन खुर्च्या, दोन हँडपीस. दोन रुग्णांच्या मध्ये हँडपीस स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला जाई. महिन्याला किती कॅप झाल्या याचा हिशेब भिंतीवर असे, औजारांचे किती लोड झाले याचा कुठेच नसे. सहायक मुली सकाळी नऊला येत आणि रात्री नऊला जात. एकीला वापरलेली सुई टोचली. तिनं बोट नळाखाली धरलं आणि पुन्हा कामाला लागली, कारण ते कुणाला सांगायचं याची काही रीतच नव्हती. तिला कावीळ ब ची लस दिलेली नव्हती. तीन डोसांची लस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायची. एका कॅपच्या फीपुढे तिची किंमत काहीच नाही. त्याच दवाखान्याच्या स्वागतकक्षात कर्म करत राहा, फळाची चिंता करू नकोस, अशा अर्थाचा फलक सोनेरी चौकटीत लावलेला होता. मुलींनी पगारवाढ मागितली की मालक त्याच सुरात सेवाभावाबद्दल बोलत.

निष्काम कर्माचा हा वापर मला तेव्हाही सहन होत नव्हता आणि आजही होत नाही. मराठी घरांत कर्मयोगाची भाषा रुजली, त्यात १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या 'गीतारहस्या'चा वाटा मोठा आहे. कोठडीत बसून तो ग्रंथ लिहिणाऱ्या माणसानं फळाची आशा आधी स्वतःची सोडलेली होती. गीतेत उपदेश कोण कुणाला करतं तेही पाहावं. ऐकणारा राजपुत्र आहे, रथात बसलेला आहे, आणि सांगणारा त्याचे घोडे हाकतो आहे. मालकानं सारथ्याला बसवून सांगितलेलं हे तत्त्वज्ञान नव्हे. निरिच्छ व्हायचं असेल तर ज्याच्या हातात गल्ला आहे त्यानं आधी व्हावं. ज्या मुलीचा पगार किराण्यात संपतो तिला फळाची आशा सोडायला सांगणं हा धर्माच्या नावावर केलेला अन्याय आहे.

महाभारतातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग द्रोणपर्वातला आहे. चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायचं, नाहीतर अग्निप्रवेश करायचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून मोठी घाई कोणती? पण घोडे बाणांनी जखमी झालेत, तहानलेत, पुढे पळवत नाही. तेव्हा भर रणात रथ थांबतो. अर्जुन खाली उतरून उभ्यानं शत्रूला थोपवतो, बाणानं जमिनीतून पाणी काढतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हातानं उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, विसावा देतो. मग रथ जुंपतो. बाहेरच्या बाकावर किती माणसं बसलीत हे सांगून सहायक मुलीला जेवू न देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हा अध्याय वाचावा, असं मी मनापासून म्हणते. आणि वारकऱ्यांना तर जनाबाई सांगायला नको. नामदेवांच्या घरची ती दासी. विठ्ठलानं तिला सोसत राहा असं सांगितल्याची कथा नाही. तो तिच्यासोबत जात्याला बसला, दळू लागला. देवानं दासीच्या कामाला हात लावला, ही आपल्या भक्तीची परंपरा आहे.

म्हणून मी व्यवस्थापनाला धर्माचा भाग मानते. माझ्या दवाखान्यात दिवसाला किती रुग्ण घ्यायचे, ते गर्दी ठरवत नाही. किती संच आहेत आणि ऑटोक्लेव्ह किती वेळा पूर्ण चालू शकतो, त्यावर ते ठरतं. संच संपले की वेदनेची गोळी देऊन उद्याची वेळ देते. बाजारच्या दिवशी यावरून बोलणी खावी लागतात. सुई मोडण्याचं आणि पांढऱ्या डब्यात टाकण्याचं काम मी स्वतः करते, कारण ती वापरते मी. लोड बाद झाला तर सहायकेनं तो बाद म्हणून वहीत लिहायचा आणि त्याबद्दल तिला कुणी बोलायचं नाही, हा नियम आहे. 'झालं नाही' म्हणायची सोय नसेल तर 'झालं' या शब्दाला काहीच किंमत उरत नाही.

सगळंच जुळतं असं नाही. गळिताच्या हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, नदीकाठच्या फडांमध्ये कोप्या पडतात. तोडणीवाल्या बाईची दाढ ठणकत असते. ती रूट कॅनालनं वाचण्यासारखी असते, पण बाई म्हणते, काढूनच टाका. चार खेपा घालायच्या म्हणजे चार खाडे, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. तिला दात नको आहे असं नाही, तिच्याकडे दिवस नाही. कागदावर तिनं संमतीचा अंगठा दिला तरी ती निवड तिची म्हणायची का? माझ्या मते नाही. अशा बाईचं काम शक्य असेल तेव्हा मी एकाच बैठकीत संपवते. खुर्ची तासाच्या वर अडकते, बाकीचे कुरकुरतात. शिवाय ती येणार संध्याकाळी, फडावरून सुटल्यावर. आणि माझ्या सहायकेला अंधाराच्या आत घरी पोचायला हवं, कारण उसात बिबटे आहेत, आमच्या भागात लहान मुलांचे जीव गेलेत, आणि तिची वाट उसातून जाते. इथे दोन बायकांचे हक्क समोरासमोर येतात आणि ग्रंथ मदतीला येत नाही. हंगामात मी ठरवलेल्या संध्याकाळी थांबते, त्या दिवशी सहायक मुलगी दुपारी येते आणि तिला घरी सोडायची जबाबदारी दवाखान्याची असते. त्याचा खर्च होतो, तो मी फीमध्ये धरला आहे आणि विचारलं तर सांगतेही.

आता त्या उष्ट्याच्या प्रश्नाकडे येते. आपल्या समाजानं शुद्धीची जी व्यवस्था लावली, तिच्यात घाण करणारा शुद्ध राहिला आणि ती साफ करणारा अशुद्ध ठरला. रक्त, थुंकी, मैला जन्मानं वाटून दिला. जो लांब राहिला तो सोवळा. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव तेच उलटं करून दाखवलं: आधी गाव झाडायचं, मग कीर्तन. तरी सवय गेलेली नाही. माझ्या सहायकेसाठी आलेल्या एका स्थळानं, मुलगी दवाखान्यात लोकांचं रक्त पुसते म्हणून नाक मुरडलं. त्याच घरातली माणसं माझ्या पाया पडतात. कायद्यालाही सहायक मुलगी फार उशिरा दिसली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदवह्या केल्या. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या सहायकेची वेगळी नोंदवही त्यात नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे दवाखान्यात शुद्धी तिच्या हातून येते, माझ्या हातून येत नाही. मी फक्त तिनं शुद्ध करून दिलेलं वापरते. म्हातारीनं विचारलं की मी आता स्वतः उत्तर देत नाही. सहायकेला बोलावते. ती रुग्णासमोर पाउच धरते, तारीख दाखवते, मग फोडते.

शेवटी पुण्यकर्माचा मुद्दा, कारण त्याबद्दल माझं मत आमच्या भागात अनेकांना आवडत नाही. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते. त्या वाटेवर आणि गावोगावच्या जत्रांत दातांची मोफत शिबिरं होतात. मी त्यांत काम केलं आहे, करतेही. पायी चालणाऱ्या, मिशरीनं हिरड्या खाल्लेल्या म्हाताऱ्यांची हलती दाढ काढून दिली की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते पैशानं मिळत नाही. पण फलकावर आकडा लागतो तो काढलेल्या दातांचा. शंभर दात, दोनशे दात. मी संयोजकांना विचारते, संच किती आणले? उत्तर येतं, द्रावणात बुडवून घेतो ना. ग्लुटरालडीहाइडच्या दोन टक्के द्रावणात औजार पूर्ण निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात. शिबिरात दोन रुग्णांच्या मध्ये दहा मिनिटंही नसतात. फुकट मिळणाऱ्याला तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडात उष्टं घालायचं, आणि त्याला दान म्हणायचं? दान देणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून नसतं. ज्याला तक्रार करण्याचं बळ नाही, त्याच्यासाठी औजार जास्त काळजीनं धुतलेलं असायला हवं.

यंदा तुमच्या गावात, तुमच्या मंडळाकडून, आईवडिलांच्या स्मरणार्थ दातांचं शिबिर घेणार असाल, तर माझी विनंती आहे. मांडव थोडा लहान करा आणि फलकावरचा आकडा विसरा. त्या पैशात औजारांचे जादा संच आणि जनरेटर घ्या, दिवसाला बसतील तेवढेच रुग्ण घ्या, आणि औजारं धुणाऱ्या मुलींची लस, जेवण आणि पूर्ण हजेरी शिबिराच्या खर्चात पहिल्या ओळीत धरा.